लाल दोऱ्याची बाटली

प्रयोगशाळेत तिला सगळेच ताई म्हणायचे. विभागप्रमुख म्हणायचे, काचसामान धुणारे म्हणायचे, आणि वयाने तिच्याहून मोठा असलेला लिफ्टवालासुद्धा बिनदिक्कत ताईच म्हणायचा. ही ताई मुळात कुणाची, हे विचारायचं मात्र इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. ज्याने हे नाव या इमारतीत आणलं, तो जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. ताईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की तो कुठे गेलेला नाही, तळघरातल्या नायट्रोजनच्या टाकीत, तिसऱ्या रॅकच्या दुसऱ्या डब्यात आहे.

तो म्हणजे तिचा भाऊ. घरात दोनच भावंडं, त्यामुळे एक ताई आणि एक धाकटा, एवढ्या दोन नावांत घरचं भागायचं. दोन वर्षांचा असताना धाकटा एकदा अर्धा तास उन्हात खेळला आणि आठवडाभर चेहरा सुजून पडून राहिला. शेजारणींनी आईच्या हलगर्जीपणावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. मग अंगावर काळे ठिपके आले, ठिपक्यांच्या गाठी झाल्या, आणि नवव्या वर्षी नाकावरची पहिली गाठ कापावी लागली. तेव्हा कुठे डॉक्टरांच्या लक्षात आलं की या मुलाचं उन्हाशी वाकडं आहे. तेव्हापासून घराच्या खिडक्यांना जाड तपकिरी कागद लागला, आणि धाकट्याच्या अंगावर पूर्ण बाह्या, हातमोजे आणि रुंद काठाची टोपी आली. शाळेत तो टोपी काढायचाच नाही, म्हणून पोरं त्याला पाहुणा म्हणायची. निघायच्या तयारीत बसलेल्या माणसासारखा दिसायचा, हे खरंच.

तो सोळा वर्षांचा असताना इस्पितळाने त्याला या संस्थेत पाठवलं. तिसऱ्या मजल्यावर सर होते. पेशींमधला डीएनए बिघडला तर तो कोण दुरुस्त करतं, या एका प्रश्नावर त्यांनी डोक्याचे केस घालवले होते. त्यांनी धाकट्याच्या दंडावरून मसुराच्या दाण्याएवढी कातडी काढून घेतली आणि दोन महिन्यांनी सगळ्या घराला बोलावलं. आई, वडील, तेवीस वर्षांची ताई आणि टोपीतला धाकटा, असे चौघे दोन खुर्च्यांत मावून बसले.

सरांना सोपं बोलता येत नसे. ते प्रथिनांची नावं घेत सुटले आणि आईच्या चेहऱ्यावरची माशी हलेना. शेवटी त्यांनीच हात टेकले आणि वडिलांना विचारलं, तुम्ही काय काम करता? वडील रेल्वेच्या रुळांवर गस्त घालत. रोज सहा मैल चालायचं, हातातल्या हातोडीने रुळावर ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. धड रूळ खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो.

हे ऐकून सरांना जणू घबाड सापडलं. ते खुर्चीतून उठलेच. पेशीतही अगदी असंच चालतं, म्हणाले. ऊन लागलं की डीएनएच्या पट्टीवरची शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि तिथे पट्टी वाकते. एका उन्हाच्या दिवसात एकेका पेशीत असे हजारो वाक येतात. गस्तीवर एक प्रथिन असतं, ते अक्षरं वाचत बसत नाही, नुसतं चाचपत जातं, कुठे सैल लागतंय, कुठे वाकलंय. सापडलं की तिथेच थांबतं. मग मोठी टोळी येते आणि दोन्ही पट्ट्या जरा उसवते. टोळीबरोबर एक तपासनीस असतो, बिघाड खरा आहे आणि नेमका कुठल्या पट्टीत आहे याची तो खात्री करतो. त्याने मान हलवली की दोन कापणारे दोन्ही बाजूंनी कापतात, तीसेक अक्षरांचा तुकडा उचलून टाकतात. समोरची पट्टी शाबूत असते, तिच्यावर बघून नवा तुकडा भरला जातो आणि शेवटचा गडी सांधा जोडतो.

"आमच्यातही तुकडाच बदलतात," वडील म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना डॉक्टरचं बोलणं कळलं होतं.

"याच्या पेशीत सगळे आहेत," सर म्हणाले. "गस्तवाला आहे, टोळी आहे, कापणारे आहेत. फक्त तपासनीस नाही. त्यामुळे बाकीचे येतात आणि उभे राहतात."

"म्हणजे माझा तपासनीस रजेवर आहे," धाकटा टोपीखालून म्हणाला.

"रजेवर नाही रे. त्याची भरतीच झाली नाही."

यावर धाकटा इतका हसला की आईने त्याला चिमटा काढला. ताईने मात्र जाण्याआधी सरांना विचारून घेतलं, त्या कातडीचं पुढे काय करता? सरांनी तिला इन्क्युबेटर उघडून दाखवला. चपट्या बाटलीत गुलाबी पाणी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धाकट्याच्या पेशी, लांबट, निमुळत्या, सगळ्या एका दिशेला तोंड करून पसरलेल्या. तिला त्या फार देखण्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि म्हणाली, इथे काही काम मिळेल का?

काम मिळालं ते काचसामान धुण्याचं. सहा महिन्यांत सरांनी तिला पेशी सांभाळायला शिकवलं, कारण त्यांच्या शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या हातून पेशी मरायच्या आणि या मुलीच्या हातून मरत नव्हत्या. सरांचे नियम दोनच होते. एका वेळी हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कामाच्या पेटीत, एकाच माणसाच्या पेशी काढायच्या. आणि प्रत्येकाच्या मीडियमची, म्हणजे त्या गुलाबी खाद्याची, बाटली वेगळी. ताईने धाकट्याच्या बाटलीच्या मानेला आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा बांधला. हूडमध्ये दोरा कशाला, म्हणून सरांनी नाक मुरडलं, पण सोडायला लावला नाही.

त्या सहा वर्षांच्या आठवणीवर ताईने पुढचं सगळं आयुष्य काढलं. दिवस कलला की धाकटा यायचा. लिफ्टवाला तेव्हा नवा होता, तो त्याला विचारायचा, कुणाकडे? आणि धाकटा जिन्यापासूनच हाक मारत यायचा, ताई, ए ताई. तिथूनच ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून स्वतःच्या पेशी बघायचा आणि रोज तोच विनोद करायचा, की मी इथे बराच बरा दिसतो. मग ताईच्या डब्यातलं उरलेलं खायचा, सरांच्या फळ्यावर त्यांचंच चित्र काढायचा आणि बहिणीबरोबर चालत घरी जायचा. रस्त्यावरचे दिवे लागलेले असायचे, आणि टोपी त्याच्या हातात असायची. ताईला तो असाच आठवायचा, टोपी हातात घेऊन चालणारा.

तो बाविसाव्या वर्षी गेला. गाठ आत उतरली होती, तिथे कुणाचा हात पोचत नव्हता.

ताई चौथ्या दिवशी कामावर आली. सर म्हणाले, अजून थोडे दिवस थांब. पण धाकट्याच्या पेशींना खाद्य घालायचा दिवस टळून गेला होता, आणि ते दुसऱ्या कुणी करावं हे तिला सोसलं नसतं.

त्यानंतर वर्षं भराभर गेली. धाकट्याच्या पेशींवरचे प्रयोग पूर्ण झाले होते, त्यामुळे त्या पेशींची गरज कुणाला उरली नव्हती. त्या नुसत्या गोठवून ठेवल्या होत्या. पण गोठवलेला साठा अधूनमधून ताजा करावा लागतो, असं निमित्त काढून ताई वर्षातून एकदा एक कुपी वितळवायची, पेशी वाढवायची, महिनाभर सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आणि पुन्हा गोठवायची. तो महिना तिचा चेहरा वेगळाच असायचा. नवरा म्हणायचा, आला वाटतं मेहुणा राहायला. चांगला माणूस होता तो, हे म्हणताना हसायचा नाही.

एक खुपायचं, पण ते ताईने कधी मोठ्याने उच्चारलं नाही. कातडीच्या पेशी अमर नसतात. पन्नासेक वेळा दुभंगल्या की त्या थकतात आणि थांबतात. धाकट्याच्या थकत नव्हत्या. उलट वाढायच्या, दाटीवाटी करायच्या, पूर्वीसारख्या लांबट न राहता गोलसर व्हायच्या. पस्तीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाईला याचा अर्थ कळायला हवा होता. दुसऱ्या कुणाच्या बाटलीत असं दिसलं असतं तर तिने त्या विद्यार्थ्याची कानउघाडणी केली असती. पण ही बाटली धाकट्याची होती, म्हणून ती म्हणायची, मुळातच चिवट होता तो. एकदा दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेने तिच्याकडून त्या पेशी मागवल्या आणि कळवलं की या फारच ठणठणीत वाटतात, कुपी बदलली तर नाही ना? ताई आठवडाभर धुमसत होती. आमच्याकडे कुप्या बदलत नाहीत, असं खरमरीत उत्तर तिने स्वतः टाइप करून पाठवलं.

आणि मग ताईच्या निवृत्तीला पाच महिने उरले असताना संस्थेची नवी इमारत तयार झाली. सर केव्हाच वारले होते. त्यांच्या खुर्चीत आता मॅडम होत्या, चाळिशीच्या, बोलायला तुटक, पण कामाला वाघ. त्यांनी ठरवलं की ओळख पटल्याशिवाय एकही कुपी नव्या इमारतीत जाणार नाही. टाकीतल्या प्रत्येक साठ्याचा डीएनए तपासायला पाठवला. महिन्याने अहवाल आला आणि मॅडमनी ताईला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

धाकट्याच्या पेशी धाकट्याच्या नव्हत्या. त्या पुरुषाच्याच नव्हत्या. कुणा एका अनोळखी बाईच्या गाठीतून फार पूर्वी काढलेल्या, कधीच न थकणाऱ्या पेशी होत्या त्या. अशा पेशी बहुतेक प्रयोगशाळांत असतात, इथेही होत्या. त्यांचा एक थेंब दुसऱ्या बाटलीत पडला तरी त्या मूळच्यांना खाऊन टाकतात. तसंच झालं होतं, आणि ताईने गोठवलेल्या सगळ्याच्या सगळ्या एकवीस कुप्यांत झालं होतं.

अहवाल खोटा आहे, असं ताई म्हणाली नाही. ती खुर्चीत बसून राहिली आणि तिला धाकटा गेल्यानंतरचा तो चौथा दिवस दिसला, लख्ख. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, आणि लवकर उरकायचं म्हणून तिने धाकट्याच्या आणि त्या बाईच्या पेशी एकदम बाहेर काढल्या होत्या. आधी त्या बाईच्या पेशींना खाद्य घातलं होतं. पिपेट, म्हणजे खाद्य ओढायची नळी, बदलायची राहिली होती, आणि तीच पिपेट लाल दोऱ्याच्या बाटलीत बुडाली होती. सरांचे दोनच नियम, आणि तिने ते दोन्ही एका मिनिटात मोडले होते. तेव्हा हे लक्षात आलं होतं की नव्हतं, हे तिला आता सांगता येईना. बहुतेक आलं होतं.

"माझ्याच हातून झालं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागलाच नव्हता."

धाकटा कोण, हे मॅडमना त्या दिवशी कळलं. तरी त्या नियमांबद्दलच बोलल्या. या पेशींची नोंद रद्द करावी लागेल, कुप्या नष्ट कराव्या लागतील, ज्यांना पेशी पाठवल्या त्यांना कळवावं लागेल. ताईने ती पत्रं त्याच दुपारी लिहिली. ज्यांना खरमरीत उत्तर धाडलं होतं, त्यांची माफी मागताना तिने कारण लिहिलं आणि खाली सही केली.

एकवीस वर्षं मी दुसऱ्याच बाईला जेवू घालत होते, असं ती घरी नवऱ्याला म्हणाली, कुप्यांचाच आकडा डोक्यात होता. नवऱ्याने दुरुस्ती केली, एकोणतीस. हिशोबात तो कधी चुकायचा नाही. नंतर म्हणाला, सरांनी स्वतः काही ठेवलं होतं का गं?

ठेवलं होतं. तिसऱ्या रॅकच्या तळाच्या डब्यात, कोपऱ्यात. अगदी पहिल्या महिन्यात, ताई अजून काच धूत होती तेव्हा, सरांनी आपल्या हाताने पाच कुप्या गोठवल्या होत्या. चार प्रयोगांत संपल्या. पाचवीवर सरांचं बारीक, तिरपं अक्षर होतं, आणि ते बघायला मिळतं म्हणून ताईने ती कधी वापरली नव्हती, की तपासणीच्या यादीतही घातली नव्हती. जुनं आधी संपवायचं, या शिरस्त्याला तिने तेवढा एकच अपवाद केला होता.

मॅडमनी सरळ सांगितलं. पस्तीस वर्षं झालीत, जिवंत असतील याची खात्री नाही. वितळवल्या आणि मेल्या तर मागे काहीच उरणार नाही. नाही वितळवल्या तर ओळख पटणार नाही आणि त्याही जातील. "तुम्ही म्हणाल तसं करू," त्या म्हणाल्या.

ताईने एक रात्र मागितली, आणि सकाळी येताना आईचा शिवणाचा डबा घेऊन आली.

कुपी तिने कोमट पाण्यात हलवली. आत तांदळाएवढा बर्फ उरला तशी तिने ती बाहेर काढली, स्पिरिटने पुसली आणि आतल्या पेशींना थेंबाथेंबाने नवं मीडियम घालत गेली. त्या वेळी पेटीत दुसरं काही नव्हतं. बाटलीच्या मानेला लाल दोरा होता. मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांनी नाक मुरडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेशी तरंगत होत्या, म्हणजे मेलेल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. ताई घरी जाऊन जेवली नाही. पाचव्या दिवशी तळाशी सहा पेशी चिकटलेल्या दिसल्या. तिने तीनदा मोजल्या. बाराव्या दिवशी त्या लांबट झाल्या, निमुळत्या, आणि एका दिशेला तोंड करून पसरू लागल्या. ताईला हे रूप इतक्या वर्षांनी दिसत होतं, की आपण मधे दुसरं काही बघून कसे फसलो याचंच तिला नवल वाटलं.

पण ताईला आता स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा उरला नव्हता. तिनेच चाचणी मागितली, सरांची जुनी चाचणी. पेशी दिवसभर अर्धपोटी ठेवायच्या, म्हणजे त्या दुभंगायच्या भानगडीत पडत नाहीत. मग त्यांच्यावर जंबुपार, म्हणजे उन्हातल्याच अदृश्य किरणांच्या, दिव्याचा झोत टाकायचा आणि डीएनएचे असे सुटे भाग घालायचे, जे जिथे बसतील तिथे हिरवे चमकतात. दुरुस्ती झाली की नवा तुकडा भरला जातो, आणि पेशीचं केंद्र हिरवं होतं. शेजारच्या काचेवर एका निरोगी माणसाच्या पेशी ठेवल्या होत्या, तुलनेसाठी.

दुपारी ती मॅडमबरोबर सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत गेली. आधी निरोगी काच लावली. पेशींच्या केंद्रांच्या निळ्या गोलांमध्ये हिरवं चांदणं सांडलं होतं. गस्तवाले फिरले होते, टोळ्या आल्या होत्या, तपासनिसाने मान हलवली होती, तुकडे बदलून झाले होते. धाकटा हयात असताना ताईने अशा कितीतरी काचा पाहिल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी पुढची काच लावताना मनात एकच मागणं असायचं. त्याच्या एखाद्या तरी पेशीत दिसू दे. एक हिरवा ठिपका. सहा वर्षं तिने ते मागितलं होतं आणि ते मिळालं नव्हतं.

आज तिने दुसरी काच लावली, आणि आज मागणं उलटं होतं. हिरवं दिसलं तर हा तो नव्हे. तिने डोळा लावला. निळे गोल होते, धड, पूर्ण, जिवंत. तिने काच डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली, वर, खाली, एकही कोपरा सोडला नाही.

"काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. "एकसुद्धा नाही, मॅडम. अजून भरती झालेली नाही त्याची."

मॅडमना त्यातलं अर्धंच कळलं. पण त्या पुढे झाल्या, त्यांनीही काच पाहिली, आणि बराच वेळ तिथल्या एकुलत्या एका खुर्चीत ताईला बसू दिलं. ताई रडत होती आणि मधेच हसत होती, आईने चिमटा काढावा इतकी.

पुढे डीएनएचा अहवालही आला. ताईच्या गालातून घेतलेल्या नमुन्याशी तो पडताळला होता. पेशी पुरुषाच्या, आणि नमुना देणाऱ्या बाईच्या सख्ख्या भावाच्या असाव्यात असं त्यात लिहिलं होतं. ताईने तो वाचून फाइलला लावला. तिला तो आता फारसा लागत नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, तिला एक घड्याळ मिळालं, लिफ्टवाल्याच्या जागी आलेल्या नव्या माणसानेही दोन शब्द बोलून घेतले. भाषणं संपल्यावर ती मॅडमना घेऊन कामाच्या पेटीपाशी गेली. नव्या पाच कुप्या गोठवून झाल्या होत्या, त्यांच्यावर आता मॅडमचं अक्षर होतं. एक बाटली तेवढी चालू ठेवली होती, पुढच्या कामासाठी. मॅडमना त्या तपासनिसावर नव्याने प्रयोग करायचे होते.

ताईने सगळं पुन्हा एकदा सांगितलं, किती दिवसांनी खाद्य, किती दाटी झाली की वाटणी. मॅडम हे पंधरा वर्षं करत होत्या, तरी मुकाट ऐकत राहिल्या. शेवटी ताईने लाल दोऱ्याची गाठ ओढून पक्की केली आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

"आणि रडायला येत असेल त्या दिवशी," ती म्हणाली, "त्याला हात लावायचा नाही. उपाशी राहू दे एक दिवस. चालतं त्याला."